अस्तराची जाडी

३० सप्टेंबर २०२४ ला वेल्समधल्या पोर्ट टॅलबोटची चौथ्या क्रमांकाची झोतभट्टी शेवटची रिकामी झाली. त्याच्या दहाच दिवस आधी, २० सप्टेंबरला, ओडिशातल्या कलिंगनगरला ५,८७० घनमीटर पोटाची, भारतातली सर्वांत मोठी झोतभट्टी सुरू झाली होती. दोन्हींचा मालक एकच, टाटा स्टील. पूर्वेला उगवलं आणि पश्चिमेला मावळलं, असं म्हणून मोकळं होण्याचा मोह इथं कुणालाही होईल. पण बातमीतला एक तपशील त्या सोप्या वाक्यात बसत नाही, आणि तोच खुपत राहतो. चौथी भट्टी काही म्हातारी झाली नव्हती. २०१२-१३ मध्ये साडेअठरा कोटी पौंड घालून टाटांनीच ती नव्यानं बांधून काढली होती. असा खर्च केला की भट्टी पंधरा-वीस वर्षं अखंड चालवायची, हा या धंद्यातला रिवाज. कामगार संघटनांनी जी पर्यायी योजना मांडली होती तिच्यातही ही भट्टी २०३२ पर्यंत चालवा, एवढंच मागणं होतं. म्हणजे सात-आठ वर्षांचं आयुष्य शिल्लक असलेली भट्टी मालकानं आपल्या हातानं विझवली. असं का केलं असेल?

याचं अर्धं उत्तर ताळेबंदात मिळतं. उरलेलं अर्धं भट्टीच्या तळाशी, विटांमध्ये आहे.

झोतभट्टी शाळेच्या पुस्तकातल्या आकृतीत फार शांत दिसते. वरून खनिज, कोक (बंद भट्टीत भाजलेला दगडी कोळसा) आणि चुनखडी टाकायची, खालून गरम हवा सोडायची, तळाला लोखंड जमतं. प्रत्यक्षात एक टन लोखंडामागे साधारण दीड-पावणेदोन टन खनिज (बहुतेक भाजून गोळा केलेलं, म्हणजे सिंटर आणि पेलेट), तीनशे-साडेतीनशे किलो कोक, आणि हवेच्या नळ्यांतून आत फुंकलेली दीडशे-दोनशे किलो कोळशाची पूड लागते. हवा अकराशे-बाराशे अंशांपर्यंत तापवून आत जाते. नळीच्या तोंडाशी, ज्याला कारखान्यात ट्वीयर म्हणतात, ज्वाळेचं तापमान दोन हजारांच्या वर असतं. वर टाकलेला माल खाली यायला सहा-आठ तास लागतात. त्यामुळे आज सकाळी चुकीचा कोक पडला तर भट्टी तक्रार करते ती दुपारनंतर, आणि ती तक्रार निस्तरायला कधी दोन दिवस जातात. कोक ठिसूळ असेल तर त्याचा चुरा होतो, चुऱ्यानं वायूच्या वाटा तुंबतात, माल मध्येच लटकून राहतो आणि मग एकदम धाडकन खाली घसरतो. लटकणं आणि घसरणं हे दोन शब्द भट्टीवरच्या माणसाची झोप उडवायला पुरेसे असतात. चांगली भट्टी म्हणजे कंटाळवाणी भट्टी, दर पाळीला तेच आकडे देणारी.

दर दोन-तीन तासांनी तळाचं लोखंड बाहेर काढावं लागतं. तळाच्या भिंतीत, तीनेक मीटर जाडीच्या मातीच्या बुचात, ड्रिलनं चार-सहा सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडतात. आधी ठिणग्यांचा फवारा येतो, मग पंधराशे अंशांची धार वाळू-मातीच्या पन्हळीतून धावायला लागते. लोखंडावर स्लॅग तरंगत येतो, आपल्या पुस्तकांत ज्याला मळी म्हटलेलं असतं तो. पन्हळीत एक आडवा बांध असतो. खालून लोखंड सरकून पुढे जातं, वरचा स्लॅग बांधाला अडून बाजूच्या वाटेनं वळतो. लोखंड टॉर्पेडोच्या आकाराच्या रेल्वे-डब्यात पडतं आणि त्याचं पोलाद करणाऱ्या कन्व्हर्टरकडे निघतं. धार फुरफुरायला लागली, म्हणजे आतून वायू बाहेर पडायला लागला, की तळ रिकामा झाला असं समजायचं आणि चिखलाची तोफ भोकाशी आणून डांबर मिसळलेली माती दाबून भरायची. ही माती आतल्या उष्णतेनं काही मिनिटांत पक्की होते. तिचा जो भाग भोकाच्या आतल्या तोंडाशी छत्रीसारखा पसरतो, तो त्या जागच्या भिंतीला वाचवतो. बूच आखूड पडायला लागलं, तीन मीटरचं अडीच झालं, की अनुभवी माणूस समजतो की आत काहीतरी झिजतंय.

झिजतं ते तळाचं अस्तर. भट्टीच्या तळाला आणि खालच्या भिंतीला कार्बनचे मोठे ठोकळे बसवलेले असतात, बाहेर पोलादी कवच, कवचावर किंवा त्याच्या आत थंड पाण्याची व्यवस्था. लोखंड भोकाकडे ओढलं जाताना भिंतीलगत गोल फिरतं, आणि जिथं तळ आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सर्वांत जास्त पोखरतं. आत डोकावून पाहण्याची सोय नसते. ठोकळ्यांत पुरलेल्या थर्मोकपलवर तापमान वाचायचं आणि त्यावरून किती कार्बन उरला असेल याचा हिशोब मांडायचा, एवढंच हातात असतं. एखाद्या जागी तापमान चढायला लागलं की उपाय ठरलेले आहेत. त्या बाजूचा ट्वीयर बंद करायचा. हवा कमी करून उत्पादन उतरवायचं. कवच आणि ठोकळ्यांमधल्या फटींत गिलावा दाबायचा. आणि खनिजाबरोबर थोडं टायटॅनियम आत सोडायचं, इल्मेनाइटच्या रूपात. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत असतं तेच हे इल्मेनाइट. आत त्याचं टायटॅनियम कार्बन-नायट्रोजनशी संयोग पावतं आणि झिजलेल्या थंड जागी खपली धरतं. मात्र प्रमाण वाढलं की स्लॅग घट्ट होतो, वाहत नाही, आणि भट्टी दुसऱ्याच दुखण्यानं अडते.

या सगळ्या उपायांत एक गोष्ट समान आहे: ते अस्तर वाचवतात आणि उत्पादन घटवतात. पोलाद कारखान्याचा खर्च बहुतांशी ठरलेला असतो. बंदर, कोक ओव्हन, सिंटर प्लांट, रोलिंग मिल, पगार, निवृत्तिवेतन, हे सगळं भट्टी निम्म्यानं चालली तरी पुरतंच मोजावं लागतं. म्हणून जपून चालवलेल्या भट्टीचं प्रत्येक टन महाग पडतं, महाग टनावर तोटा येतो, आणि तोट्यातल्या कंपनीकडे नवं अस्तर घालायला पैसे नसतात. युरोपातल्या बऱ्याच पोलाद कंपन्यांची उतरती कळा या चक्रातून गेली आहे. अध्यक्षांच्या भाषणात स्वस्त चिनी पोलाद, विजेचे दर, चलन यांचा उल्लेख असतो आणि तो खराही असतो. पण तडाखा बसतो तेव्हा अस्तर कोणाचं जाड आहे आणि कोणाचं पातळ, त्यावर कोण तगणार हे ठरतं.

पोर्ट टॅलबोट टाटांच्या हाती आलं ते कोरस या कंपनीबरोबर, आणि कोरस जन्मली ६ ऑक्टोबर १९९९ ला. ब्रिटिश स्टील आणि नेदरलँड्सची कोनिंक्लाइके होखोव्हन्स यांचं ते लग्न. ब्रिटिश स्टीलचा इतिहास म्हणजे देशाच्या राजकारणाचाच एक पदर. १९६७ मध्ये १४ मोठ्या कंपन्या सरकारनं ताब्यात घेऊन एकत्र केल्या तेव्हा माणसं होती सुमारे २ लाख ६८ हजार. १९७३ च्या योजनेत उत्पादनक्षमता साडेतीन कोटी टनांच्या पुढे न्यायचं स्वप्न होतं. त्याच वर्षी तेलाचे भाव भडकले आणि स्वप्न तिथंच बसलं. १९८० साल उजाडलं ते तेरा आठवड्यांच्या संपानं, आणि १९७९-८० चा तोटा गेला १८० कोटी पौंडांच्या घरात. मग छाटणी. इतकी निर्दय की १९८८ मध्ये समभाग विकून खासगी करण्यात आली ती कंपनी माणशी उत्पादनात युरोपातल्या चांगल्या कंपन्यांत गणली जात होती, आणि १९९५-९६ मध्ये तिनं करापूर्वी ११० कोटी पौंडांचा नफाही कमावला. हा नफा जितका काटकसरीचा तितकाच स्वस्त पौंडाचा होता. पुढच्या चार वर्षांत पौंड २.३ जर्मन मार्कांच्या आसपासून ३ च्या पुढे गेला आणि निर्यातीतली मलई आटली.

होखोव्हन्स ही उलट प्रकृतीची. १९१८ मध्ये स्थापन झालेली, एकाच ठिकाणी, आयमाउडनला, समुद्राच्या काठावर वसलेली. खनिजाचं जहाज दाराशी येतं, पत्र्याची गुंडाळी त्याच दारानं बाहेर जाते. ब्रिटिशांकडे मात्र राजकीय तडजोडीतून टिकलेली ठिकाणं होती: स्कॉटलंडला रेव्हन्सक्रेग (१९९२ मध्ये बंद), ईशान्येला टीससाइड, पूर्वेला स्कन्थॉर्प, वेल्समध्ये लॅनवर्न आणि पोर्ट टॅलबोट. पोर्ट टॅलबोटला १९७० मध्ये लाखभर टनांची जहाजं घेणारं बंदर बांधलं गेलं, म्हणून ते लॅनवर्नपेक्षा टिकाऊ ठरलं. २००१ मध्ये कोरसनं लॅनवर्नच्या भट्ट्या बंद करायचं ठरवलं आणि वेल्समधलं लोखंडनिर्मितीचं सगळं ओझं पोर्ट टॅलबोटच्या दोन भट्ट्यांवर आलं.

त्याच वर्षी त्यातली एक फुटली.

८ नोव्हेंबर २००१ ची संध्याकाळ. पाचव्या क्रमांकाची भट्टी तेव्हा आपल्या फेरीच्या, म्हणजे एका अस्तरावर अखंड चालण्याच्या काळाच्या, उत्तरार्धात होती, अस्तर जुनं, थंड करणारे भाग जुने. आदल्या दिवशी पाण्याच्या पुरवठ्यात बिघाड झाला आणि थोडा वेळ शीतकांना पाणी मिळालं नाही. तांब्याचे शीतक पाण्याविना तापले, पुन्हा पाणी सोडल्यावर गळायला लागले. आता इथं प्रत्येक भट्टीवाल्याला माहीत असलेली जुनी भीती येते. आत गेलेलं पाणी उष्णता खातं. तळाचं लोखंड आणि स्लॅग घट्ट होतात. भोक पाडलं तरी धार येत नाही. तळ रिकामा होत नाही म्हणून वरचं वितळलेलं द्रव्य साठत जातं, आणि हे सगळं चालू असताना गळती नेमकी कुठल्या शीतकातून आहे ते शोधण्याची धडपड. शेकडो शीतकांतून गळका एक शोधायचा तर एकेकाचं पाणी बंद करून पाहावं लागतं, त्याला तासन्‌तास लागतात. त्या संध्याकाळी पाणी आणि तप्त द्रव्य भट्टीच्या खालच्या भागात एकत्र आलं. हजारो टनांची ती रचना जोडापाशी पाऊण मीटरभर उचलली गेली आणि परत खाली बसली. त्या फटीतून तप्त माल आणि वायू बाहेर फेकला गेला. तीन कामगार गेले, आणखी कितीतरी होरपळले. डिसेंबर २००६ मध्ये न्यायालयानं कंपनीला तेरा लाख पौंडांहून अधिक दंड केला. भट्टी नव्यानं बांधून जानेवारी २००३ मध्ये पुन्हा पेटली. हा अपघात वाचताना सर्वांत अस्वस्थ करणारी बाब ही की आत काम करणारा कुणीही बेफिकीर नव्हता. रुळलेल्या पद्धतीनं रुळलेलं संकट हाताळणं चालू होतं. अशी भट्टी याआधीही गळली होती आणि सावरली होती, आणि त्या सवयीनंच हे संकट आधीच्यांपेक्षा वेगळं आहे हे दिसू दिलं नाही.

कोरसची पहिली चार वर्षं अशीच गेली. आयमाउडन कमवायचं, ब्रिटनमधले कारखाने खायचे, आणि डच मंडळी हे उघडपणे बोलायचीही. २००२ मध्ये कोरसनं अॅल्युमिनियमचा धंदा फ्रान्सच्या पेशिनेला विकून रोकड उभी करायचं ठरवलं. डच कायद्याप्रमाणे तिथल्या उपकंपनीला स्वतःचं देखरेख मंडळ असतं, आणि २००३ च्या मार्चमध्ये त्या मंडळानं विक्रीला नकार दिला. आमच्या घरचं विकून तुमच्या घरचं छप्पर शिवणार काय, असा सरळ अर्थ. कोरस अॅमस्टरडॅमच्या न्यायालयात गेली, तिथंही हरली. आईबाप कंपनीनं मुलीवर दावा लावायचा आणि हरायचं, असा हा प्रसंग. समभाग एक आकडी पेन्समध्ये आला. मग मुख्याधिकारी म्हणून फिलिप व्हारँ आले, काही भट्ट्या नीट चालल्या, आणि मुख्य म्हणजे चीननं जगभरचं पोलाद आणि खनिज ओढायला सुरुवात केली. भाव चढले. मेलेली वाटणारी कंपनी चार वर्षांत अशी नवरी झाली की तिच्यासाठी दोन खंडांतून स्थळं आली.

मुंबईच्या बॉम्बे हाउसनं, म्हणजे टाटांनी, पहिली बोली लावली ती ऑक्टोबर २००६ मध्ये, समभागाला ४५५ पेन्स. ब्राझीलची पोलाद कंपनी सीएसएन पुढे सरसावली. ३० जानेवारी २००७ च्या रात्री लंडनमध्ये अधिग्रहण मंडळाच्या देखरेखीखाली लिलाव सुरू झाला, नऊ फेऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे टाटा ६०८ वर, सीएसएन ६०३ वर थांबली. एकूण किंमत सुमारे ६२० कोटी पौंड. वर्षाला पन्नासेक लाख टन करणाऱ्या कंपनीनं पावणेदोन-दोन कोटी टन क्षमतेची कंपनी घेतली होती. मराठी घराघरांत त्या दिवशी अभिमान होताच, आणि जमशेदजींच्या नावाची आठवण काढणंही साहजिक होतं. बाजाराचा सूर वेगळा होता: टाटा स्टीलचा समभाग त्याच दिवशी दहा टक्क्यांहून जास्त पडला. गोऱ्या साहेबाची कंपनी घेतल्याच्या आनंदात एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही, की त्या भट्ट्यांच्या अस्तराचं पुढलं बिल कधी येणार आणि तेव्हा भाव काय असतील.

दीड वर्षात अमेरिकेतली लेहमन ही बँक बुडाली. युरोपची मागणी जी घसरली ती २००७ च्या पातळीवर परत आलीच नाही. पहिला तडाखा टीससाइडला बसला. तिथल्या रेडकारच्या भट्टीचं बहुतेक उत्पादन चार ग्राहकांनी दहा वर्षांच्या कराराने उचलायचं ठरलं होतं. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी करारातून अंग काढून घेतलं. टाटांनी फेब्रुवारी २०१० मध्ये ती भट्टी झोपवली, आणि इथं झोपवणं म्हणजे काय ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जुन्या घरांत रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि पहाटे फुंकणीनं तोच जागा करत, तसंच भट्टीच्या बाबतीत काही दिवसांच्या, फार तर काही आठवड्यांच्या खंडासाठी करतात: कोकचं प्रमाण वाढवायचं, ट्वीयर मातीनं बुजवायचे, हवा पूर्ण तोडायची. पण वर्ष-दोन वर्षांसाठी थांबायचं तर भट्टी रिकामीच करावी लागते. माल वरून टाकणं बंद करायचं, वरून पाण्याचे फवारे मारत वायूचं तापमान आवाक्यात ठेवायचं, मालाची पातळी ट्वीयरपर्यंत उतरवायची, शेवटचं लोखंड काढायचं, आणि नेहमीच्या भोकाच्याही खाली, तळाशी उरलेलं शेकडो टन लोखंड एक वेगळं भोक पाडून काढून घ्यायचं. हे लोखंड आत थिजलं तर पुढे ते सुरुंग लावून फोडावं लागतं. रेडकारची भट्टी नीट झोपवली होती म्हणूनच थायलंडच्या एसएसआयनं विकत घेतल्यावर ती एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा पेटली. २०१५ च्या ऑक्टोबरात एसएसआय दिवाळखोरीत गेली तेव्हा कोक ओव्हन गरम ठेवायलाही पैसे उरले नव्हते. कोक ओव्हनच्या सिलिका विटा थंड होताना आकार बदलतात आणि तडकतात, एकदा गार पडलेली ओव्हनची रांग जवळजवळ नव्यानंच बांधावी लागते. त्यानंतर रेडकारचं काही उरलं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती भट्टी सुरुंगानं पाडली.

कोरस हे नाव २०१० मध्ये पुसलं गेलं. मे २०१३ मध्ये टाटा स्टीलनं युरोपच्या धंद्यापोटी सुमारे १६० कोटी डॉलर हिशोबातून निर्लेखित केले. आणि तरी त्याच वर्षी फेब्रुवारीत पोर्ट टॅलबोटची चौथी भट्टी साडेअठरा कोटी पौंडांचं नवं अस्तर घेऊन पेटली होती. टाटांवर ब्रिटनमध्ये पुष्कळ टीका झाली, त्यातली काही रास्त आहे. पण निव्वळ पिळून घ्यायला आलेला मालक असं अस्तर घालत नाही, एवढं मान्य करायला हवं. मार्च २०१६ मध्ये संचालक मंडळाची बैठक मुंबईत झाली तेव्हा पोर्ट टॅलबोट दिवसाला दहा लाख पौंड बुडवतंय असं म्हटलं जात होतं. वेल्समधले संघटना-नेते विमानानं मुंबईला आले. बैठकीनंतर जाहीर झालं की ब्रिटनमधला धंदा विकायचा विचार आहे. त्याच वर्षी स्कन्थॉर्प एका पौंडात ग्रेबुल या गुंतवणूक कंपनीला गेलं. पोर्ट टॅलबोटला गिऱ्हाईक मिळेना, कारण सोबत ब्रिटिश स्टीलच्या जमान्यातला निवृत्तिवेतन निधी होता: सुमारे १ लाख ३० हजार सभासद, दीड हजार कोटी पौंडांच्या घरातलं दायित्व. काम करणाऱ्या एका माणसामागे जुन्या काळातली कितीतरी माणसं पेन्शन खात होती. २०१७ मध्ये ५५ कोटी पौंड आणि ब्रिटनमधल्या कंपनीतला ३३ टक्के हिस्सा देऊन टाटांनी तो निधी वेगळा केला. त्यानंतर जर्मनीच्या थिसनक्रुप या पोलाद कंपनीशी लग्न ठरलं, ते जून २०१९ मध्ये युरोपीय आयोगानं मोडलं. २०२१ मध्ये आयमाउडन आणि ब्रिटन हे दोन संसार पुन्हा वेगळे झाले, बावीस वर्षांनी.

वेगळे झाल्यावर दोघांच्या वाट्याला काय आलं ते पाहायचं तर २०२३-२४ चा हिवाळा पाहावा. आयमाउडनच्या सहाव्या भट्टीचं अस्तर बदलायचं काम २०२३ च्या वसंतात सुरू झालं, ठरल्यापेक्षा लांबलं, त्या काळात उत्पादन घटून तोटाही झाला, आणि २०२४ च्या सुरुवातीला ती पुन्हा पेटली. त्याच सुमारास, १९ जानेवारी २०२४ ला, पोर्ट टॅलबोटच्या दोन्ही भट्ट्या बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. एकाच मालकानं एका किनाऱ्यावर पुढची पंधरा वर्षं विकत घेतली आणि दुसऱ्या किनाऱ्यावर नाही. पाचव्या भट्टीची फेरी संपत आली होती. ती जुलैत विझली. कोक ओव्हन इतके खिळखिळे झाले होते की मार्चमध्येच बंद करावे लागले. मग उरली चौथी, निम्मं आयुष्य हातात असलेली. पण सिंटर प्लांट, बंदर आणि पोलादशाळा दोन भट्ट्यांच्या मापानं बांधलेली, कोक पूर्ण विकतचा, आणि नवी विजेची भट्टी जिथं बसवायची ती जागा म्हणजे तीच पोलादशाळा. चालू पोलादशाळेत वितळलेल्या पोलादाची तीनशे टनांची भांडी डोक्यावरून फिरत असताना खाली नवी भट्टी उभारायची, हे टाटांना मंजूर नव्हतं. संघटनांची योजना मानली तर किमान १६० कोटी पौंड जादा लागतील, असं त्यांचं म्हणणं. आकड्यावर वाद घालता येईल, आणि घातलाही गेला. एकट्या भट्टीला एवढ्या मोठ्या घराचं भाडं परवडत नाही, हा त्यामागचा मुद्दा मात्र खोडून काढणं अवघड होतं. जवळपास २,८०० नोकऱ्यांवर गदा आली.

आता तिथं १२५ कोटी पौंडांची विजेची भट्टी उभी राहते आहे, त्यातले ५० कोटी ब्रिटिश सरकारचे, क्षमता वर्षाला तीसेक लाख टन. कच्चा माल भंगार. ब्रिटनमध्ये भंगाराला तोटा नाही, दरवर्षी ऐंशी लाख टनांच्या आसपास ते बाहेर विकतात, त्यातलं काही आपल्याकडेही येतं. अडचण तांब्याची आहे. जुन्या गाडीबरोबर तिच्या वायरी आणि मोटारीही चेपल्या जातात. लोखंडातून गंधक काढता येतं, फॉस्फरस काढता येतो, तांबं मात्र एकदा शिरलं की नेहमीच्या कोणत्याही पद्धतीनं निघत नाही. पोलाद तापवून लाटताना पृष्ठभागावरचं लोखंड आधी गंजतं, तांबं गंजाच्या पापुद्र्याखाली साठत जातं, १,०८५ अंशांना वितळतं आणि कणांच्या सांध्यांत झिरपतं. लाटताच तिथं चिरा. जालन्याच्या एमआयडीसीतल्या भट्ट्यांना भंगारातून सळई करताना थोडं तांबं चालून जातं, सळईला कुणी खोल दाबून आकार देत नाही. मोटारीच्या दाराचा पत्रा किंवा लॅनेलीजवळच्या ट्रॉस्टरला बनतो तसला डब्याचा पत्रा मात्र ०.१ टक्क्याच्या वर तांबं गेलं की कुरकुरतो. त्यामुळे भंगार निवडून, वायरी उपटून, तुकडे करून घ्यावं लागेल, किंवा त्यात बाहेरून आणलेलं कोरं लोखंड मिसळावं लागेल. म्हणजे झोतभट्टी गेली तरी झोतभट्टीचं किंवा तिच्या एखाद्या चुलत भावंडाचं लोखंड लागणारच, फक्त ते दुसऱ्या कुणाच्या देशात तयार होईल.

कोरसच्या ब्रिटिश बाजूच्या झोतभट्ट्यांपैकी शिल्लक राहिल्या त्या स्कन्थॉर्पच्या दोन, क्वीन अॅन आणि क्वीन बेस. ग्रेबुलनंतर त्या २०२० मध्ये चीनच्या जिंग्येकडे गेल्या. २०२५ च्या वसंतात जिंग्येनं कच्च्या मालाची खरेदी आटपती घेतली आणि कोक संपण्याचे दिवस मोजले जाऊ लागले. १२ एप्रिलला, शनिवारी, सुट्टीवर गेलेली ब्रिटिश संसद बोलावून एका दिवसात कायदा करावा लागला: सरकार कारखान्याला आदेश देऊ शकेल, माल मागवू शकेल. त्या आठवड्यात इमिंगहॅम बंदरात कोळसा आणि खनिज उतरवलं गेलं, आणि भट्ट्या तापत्या राहिल्या. समभाग मात्र तेव्हा जिंग्येच्याच नावावर राहिले. कोकची सोय संसदेला एका शनिवारात करता आली. त्या दोन जुन्या भट्ट्यांचं अस्तर बदलायचं की पोर्ट टॅलबोटसारखं विजेकडे वळायचं, आणि ते बिल कुणी भरायचं, हे त्या कायद्यात ठरलेलं नाही.